स्केगनेसला गेलेली दोन मतं

४, पंपहाउस लेन,
ड्रोव्हबी, लिंकनशायर
रविवार, ९ ऑक्टोबर २०१६

प्रिय अर्सुला,

पाकिटावर ‘आदरणीय सिस्टर’ असं वळणदार अक्षरात लिहिलं आहे, तेव्हा तुमच्या मठात माझी अब्रू शाबूत राहावी. आत मात्र तू माझी मावसबहीण, आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी असलीस तरी शाळेत माझ्या वाटचा जॅमचा पाव खाल्लेली. तेव्हा मानाचं बोलणं इथेच संपलं असं समज. खुब्याचं दुखणं कसं आहे? गुडघे टेकवत नसतील तर खुर्चीत बसून प्रार्थना कर. देव कोण कसं बसलंय ते बघत नाही. ते बघायच्या आपल्या शाळेतल्या सिस्टर पर्पेचुआ, आणि त्या आता त्याच्याच शेजारी बसल्या असतील, तर त्यालाही ताठ बसवलं असेल. माझं म्हणशील तर जूनमध्ये मोतीबिंदू काढला आणि आता सगळं लख्ख दिसतं. आरशातसुद्धा. (कोणी आधी बजावलं नव्हतं.) गुडघे आहेत तसेच आहेत. बाहेर कोबीची काढणी सुरू आहे आणि गावभर वास सुटला आहे.

तुझं ऑगस्टमधलं कार्ड मिळालं. त्यात तू विचारलंस की तुम्ही लोकांनी हे काय करून ठेवलंत, आणि विनिफ्रेड, यात तुझा हात किती. दोन महिने मी उत्तर लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. आता लिहायची वेळ आली आहे, कारण माझी शेजारीण जुर्गिता (पाच नंबरमधली, लिथुआनियाची, तुला मी तिच्याबद्दल बारा वर्षं लिहिते आहे, आणि पहिली आठ वर्षं काही चांगलं लिहिलेलं नाही) या महिन्याच्या शेवटी मुलीला घेऊन गाव सोडते आहे. ती जाताना माझ्याबद्दल काय समजून जाते आहे, याची मला झोप उडवणारी काळजी लागली आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: युरोपबद्दलच्या त्या सार्वमतात मी मतच दिलं नाही. त्या दिवशी मी स्केगनेसला होते. सिडनी प्लाउराइटबरोबर. भुवया खाली घे.

सिडनी म्हणजे तीन नंबरमधला, गाळ काढायच्या मशिनवरचा. मी शेतांतलं पाणी उपसणाऱ्या निचरा मंडळाच्या ऑफिसात कारकून आणि तो कालव्यात, अशी आमची चौतीस वर्षं एकाच पगारपत्रकावर गेली. तो कट्टर मजूर पक्षाचा. मी हुजूर पक्षाची, ते तुला माहीत आहेच. एकोणऐंशी सालच्या निवडणुकीत भर पावसात मतदानाला जाताना आम्ही रस्त्यात भेटलो. छत्री एकच, माझी. शाळेच्या फाटकापाशी पोचेपर्यंत आमचं इतकं वाजलं, की तो थांबून म्हणाला, “विनी, तू तुझं टाकणार, मी माझं टाकणार, दोघांचं मिळून शून्य. मग भिजायचं कशाला?” हिशेब बिनचूक होता. आम्ही मागे फिरलो आणि माझ्या स्वयंपाकघरात चहा प्यायलो. तेव्हापासून नऊ निवडणुका आम्ही अशा जोडीने चुकवल्या. नुसत्या शब्दावर नाही हं. एकमेकांवर भरवसा नसल्यामुळे मतदानाच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने स्केगनेसला जातो आणि शाळेचं दार बंद झाल्यावरच परततो. (बायकांनी मतासाठी तुरुंग भोगला म्हणून सिस्टर पर्पेचुआ किती कळवळून सांगायच्या. मला दर वेळी आठवतं. बसमध्ये बसल्यावर.)

आता ध्यानात घे, निवडणुकीत कोण कुणाचा हे ठाऊक असतं. सिडनीच्या खिडकीत लाल पत्रक असतं, माझ्या खिडकीत निळं. सार्वमताला पक्षच नाही. युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, एवढाच प्रश्न, आणि कुठल्याही पक्षातला माणूस कुठल्याही बाजूला. तेव्हा शहाण्या माणसाने जोडी जमवण्याआधी ‘तू कुठला?’ एवढं विचारलं असतं. पण आपल्याला शिकवलंय काय? वय, पगार आणि मत, सभ्य बाई कुणाला विचारत नाही. सिडनी कॉन्व्हेंटात शिकला नसला तरी याबाबतीत तो माझ्याहून मोठी सिस्टर आहे. त्याच्या बायकोने कुणाला मत दिलं ते त्याला तिच्या मरणापर्यंत कळलं नाही. बावीस जूनला तो कुंपणाची झाडं कापत होता. म्हणाला, “उद्या नेहमीसारखं?” मी म्हणाले, “नेहमीसारखं.” “सव्वानऊची बस.” “सँडविच मी आणते.” झालं. देशाचं भवितव्य आम्ही एवढ्या चार वाक्यांत मिटवलं, आणि त्यातलं एक सँडविचवर होतं.

स्केगनेसची हकिकत लांबवत नाही. वारा असा होता की माझा डोळ्यावरचा काळा चष्मा उडाला आणि एका लहान मुलीच्या वाळूच्या किल्ल्यात रुतला. (ऑपरेशनला दहा दिवस झाले होते, चष्मा काढायचा नाही अशी जुर्गिताची सक्त ताकीद होती.) किनाऱ्यावर पोरांना बसवून फिरवणारी गाढवं असतात, त्यातल्या एकाने माझा रुमाल चावून खाल्ला आणि गाढववाला मलाच रागावला, की बाई, त्याला पोटदुखी झाली तर कोण बघणार. दुपारी सिडनी स्वच्छतागृहात गेला तो वीस मिनिटं बाहेरच येईना. मला वाटलं, मागच्या दाराने सटकला आणि मत द्यायला गेला. पुरुषांच्या स्वच्छतागृहाला मागचं दार आहे का, हे मी एका पोलिसाला विचारलं. त्याने माझं नाव-गाव विचारलं. तेवढ्यात सिडनी आला, पोट धरून, शिंपले खाल्ल्याचा परिणाम. मग परतीची बस. एरवी आम्ही जाता-येता भांडतो. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी इतकं जपून बोललो, की समोरच्या बाईला वाटलं आम्ही नुकतंच कुणाला तरी पुरून आलो आहोत.

शुक्रवारी सकाळी निकाल लागलेला होता. आमच्या भागात चारातली तीन मतं बाहेर पडायच्या बाजूची. सात वाजता जुर्गिता नेहमीप्रमाणे डोळ्यांत थेंब घालायला आली. ती भाजी-फुलं बांधणाऱ्या पॅकहाउसमध्ये फुलांच्या सरकत्या पट्ट्यावरची सुपरवायझर. आठची पाळी, त्याआधी माझे डोळे. महिनाभर दिवसातून दोनदा, एकदाही चुकली नाही. मी खुर्चीत मान मागे टाकून बसले. अर्सुला, डोळ्यांत थेंब घालून घेताना माणसाला दुसरीकडे बघताच येत नाही. वर तिचा चेहरा, खाली मी.

“काल तुम्ही नव्हतात, मिस ड्रिंग. मी संध्याकाळी येऊन गेले.”

“स्केगनेसला गेले होते.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“वाळू गेली का डोळ्यात?”

“नाही.”

“गेलीय. लाल झालाय. डोळे मिटू नका.”

एवढंच. ‘तुम्ही कुठे फुली मारलीत’ असं तिने विचारलं नाही. बारा वर्षांत ती आपल्यासारखी इतकी सभ्य झाली होती, आणि तेही मीच शिकवलेलं. जाताना म्हणाली, “शाळेत उग्नेला एका मुलाने विचारलं, सामान बांधलं का म्हणून. ती मला विचारते, बांधायचं का? मी म्हटलं, आधी केळं खा.” आणि दार लावून गेली. उग्ने म्हणजे तिची मुलगी, अकरा वर्षांची. जन्म याच गावचा, आणि गावची बोली बोलते अशी की सिडनीलाही लाजवेल.

आता खरं सांगायची वेळ आहे तर सांगते, जुर्गिताने माझ्याबद्दल काय समजावं याची सोय मी आधीच करून ठेवली होती. बारा वर्षं मी औषधाच्या दुकानाच्या रांगेत उभी राहून बोलते आहे. मोठ्याने. डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी मिळते, साडेदहाची इंग्रजी प्रार्थनासभा पोलिश प्रार्थनेसाठी साडेआठला ढकलली आणि माझे गुडघे साडेआठला उठलेले नसतात, बसमध्ये एक शब्द कळेल तर शपथ, शिवाय ब्रसेल्सने निचरा मंडळाला वाम माशांना पंप चढून जायला जिने बांधायला लावले. (हे खरं आहे. माशांना जिने. मला पायरी चढताना कठड्याला धरावं लागतं आणि आमच्या दारात कठडा नाही.) गाऱ्हाणी खोटी नव्हती. गाव आमच्या डोळ्यांदेखत बदललं आणि आम्हाला कुणी साधं विचारलं नाही. नीट कपडे घातलेला एखादा माणूस येऊन ‘कसं चाललंय तुमचं’ म्हणाला असता तरी निम्मी माणसं विरघळली असती. पण एका घरात बारा-बारा खाटा टाकून भाडं उकळणारा घरमालक आमच्याच गावचा, पॅकहाउसचा मालक आमच्याच चर्चमधला, आणि मी बोलायची कुणाला, तर रांगेत माझ्या पुढे पोराचं खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या बाईला. एकदा सिडनी माझ्या मागे होता. म्हणाला, “बये, तुझी आई तरी कुठून आली होती? आयर्लंडच्या बोटीतून उतरून बटाटे काढायलाच ना?” मी म्हणाले, आमची गोष्ट वेगळी, आम्हाला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, “तुझ्या आईचं इंग्रजी माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही.” दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही.

तर, निकालानंतरच्या सोमवारी इंग्लंड युरो कपच्या फुटबॉलमध्ये आइसलंडकडून हरलं आणि मंगळवारी सकाळी सिडनी शिडीवर चढून खिडकीतला इंग्लंडचा झेंडा उतरवत होता. त्याचा चेहरा असा झाला होता, की मीच त्याला चहा घेऊन गेले. (चहा तो शिडीवरच प्यायला.) वरूनच म्हणाला, “एका आठवड्यात दोनदा युरोपाबाहेर. एवढी चपळाई आपण कालव्याच्या कामात कधी दाखवली नाही.” मी शिडी धरून ठेवली. मग तो म्हणाला, “एकच समाधान आहे, विनी. तुझं एक मत तरी मी स्केगनेसला नेऊन बुडवलं.”

“माझं? माझं कुठलं?”

“बाहेरचं. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“आणि तू?”

“मी राहायचा होतो. जुर्गिता पलीकडे राहते आणि मी तिला हाकलायला मत टाकू? तुला काय वाटलं मी कोण आहे?”

“मला काय माहीत? पंधरा दिवस हा भलामोठा झेंडा लटकतोय तुझ्या खिडकीत.”

“तो फुटबॉलचा होता, बये!”

“झेंड्यावर चेंडू नव्हता!”

त्याने झेंडा खांद्यावर टाकला. मग सावकाश, एकेक पायरी मोजत खाली उतरला. “म्हणजे तूही राहायच्या बाजूची?” मी म्हणाले, “का, मी असू शकत नाही?” तो उपड्या बादलीवर बसला. म्हणाला, “देवा, म्हणजे आपण दोन चांगली मतं गाढवाला खायला घातली.” आणि अर्सुला, चौतीस वर्षं कालव्यातून मेलेली मेंढरं काढताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही, तो माणूस रडायला लागला. माझा हात धरून माझी क्षमा मागू लागला, की इतकी वर्षं मी तुला ओळखलंच नाही, तोंडाची तिखट आहेस तेवढीच, आतून तू वेगळी आहेस, माझी बायको नेहमी सांगायची. मी हात सोडवून घेतला आणि चहाचा कप धुवायला आत गेले.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. माणूस गाळाचं मशिन चालवणारा, एकदा सुरू झाला की थांबत नाही. क्लबात सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, साडेआठच्या प्रार्थनेनंतर फादरना सांगितलं. ‘विनी ड्रिंगला तुम्ही चुकीचं समजलात’ हे वाक्य मी चार दिवसांत सहा माणसांकडून ऐकलं. दुकानातल्या रांगेत एक पोलिश म्हातारी मागे सरकून मला म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. मी पुढे झाले, याची मला जास्त लाज वाटते. आणि शनिवारी जुर्गिता मधाचा केक घेऊन आली, पातळ पातळ बारा थर, करायला दोन दिवस लागतात. दारातच म्हणाली, “मिस ड्रिंग, मीसुद्धा तुम्हाला चुकीचं समजले. त्या शुक्रवारी थेंब घालताना माझ्या मनात तुमच्याबद्दल फार वाईट आलं. एक थेंब मी मुद्दाम गालावर पाडला.” मी म्हणाले, मला कळलं होतं. मग आम्ही दोघी हसलो आणि केक खाल्ला. केक उत्तम होता. मी दोन तुकडे खाल्ले, कारण न खाल्ल्याने तिला संशय आला असता.

मला वाटलं होतं, हळूहळू विसरतील. पण सप्टेंबरमध्ये शाळा उघडली आणि उग्नेला पुन्हा तेच सुरू झालं. पॅकहाउसमध्ये एका पोऱ्यानं, जुर्गितानेच काम शिकवलेल्या, तिचं ऐकायचं नाकारलं. म्हणाला, आता फार दिवस तुझं चालायचं नाही. इथे कायम राहायचा फॉर्म पंच्याऐंशी पानांचा आहे. मी कारकून, मी तो भरायला घेतला. बारा वर्षांत ती कधी कधी देशाबाहेर गेली त्याच्या तारखा द्यायच्या होत्या. वडिलांच्या अंत्यविधीची तारीख तिला लगेच आठवली. अडतिसाव्या पानावर तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, “पुरे, मिस ड्रिंग. ज्या घरात राहायला मी लायक आहे हे सिद्ध करायला एवढी पानं लागतात, तिथे मला झोप येणार नाही.” मी खूप समजावलं. सिडनीने समजावलं. परवा भांडी कागदात गुंडाळताना ती म्हणाली, “मी गावाला वाईट म्हणणार नाही. भिंतीला लागून तुम्ही आणि तुमच्या पलीकडे सिडनी, दोन घरं तर माझ्या बाजूची होती. कुणी विचारलं तर मी हे सांगेन.”

अशी हकिकत आहे. हिवाळा लांबणार असं दिसतंय. प्रकृतीला जप, दारावरच्या सिस्टरला माझा नमस्कार सांग, आणि प्रार्थनेत माझं नाव घेशील तेव्हा जरा थांबून घे.

तुझी मावसबहीण,
विनिफ्रेड

ता. क. जुर्गिता जाते आहे ती लिथुआनियाला नाही, आयर्लंडात, तुमच्या कॉर्कला. तिथे फुलांच्या एका नर्सरीत ओळखीच्या बाईने काम बघून ठेवलं आहे, पण राहायला जागा नाही. तुमच्या मठाचं पाहुण्यांचं घर आहे ना, तिथे तिला आणि मुलीला महिनाभर ठेवून घे. बोट अठ्ठावीस तारखेला पोचते. ती स्वच्छ आहे, वेळेची पक्की आहे, रविवार चुकवत नाही. तिला लगेच पितळ घासायला बसवू नका. आमच्या चर्चचं तिने सात वर्षं घासलं आणि मी दर वेळी एखादा डाग दाखवला.

ता. क. २. वरचं पत्र पुन्हा वाच. त्यात मी एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. सिस्टर पर्पेचुआंनी आपल्याला तेवढं नीट शिकवलं. सिडनीला मी काय ‘म्हणाले’ ते लिहिलं आहे. मी कुठल्या बाजूची होते ते लिहिलेलं नाही. अर्सुला, मी बाहेरच्या बाजूची होते. मतदानाचं कार्ड महिनाभर घड्याळामागे ठेवलं होतं आणि माझं ठरलेलं होतं. सिडनी राहायच्या बाजूचा, हे मला न विचारताही पक्कं ठाऊक होतं. झेंड्याचं मला त्याच्या शिडीखाली उभ्या उभ्या सुचलं. आमची जोडी त्या दिवशीही चोख होती, एकास एक. वाया गेलं ते त्याचं मत, आणि ते मी घालवलं. जुर्गिता जावी असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. मला वाटायचं जुर्गिता वेगळी आणि ‘ते लोक’ वेगळे. प्रत्येकाला आपापली जुर्गिता वेगळी वाटत होती, आणि मतं मोजल्यावर वेगळी अशी एकही उरली नाही.

ता. क. ३. मी तिला सांगायला तीन वेळा गेले. एकदा ती कपडे वाळत घालत होती, एकदा सिडनी बसला होता, आणि तिसऱ्यांदा काही अडचण नव्हती. सिडनीचं मी बघेन, त्याला सांगायला मला सगळा हिवाळा आहे. पण तिला तू सांग. तुला खोटं बोलता येत नाही म्हणूनच तुला लिहिते आहे. मात्र लगेच नको. आधी तिचं काम पक्कं होऊ दे, मुलगी शाळेत रुळू दे, म्हणजे राग आला तरी तिला तुमचं घर सोडून निघून जावं लागणार नाही. मग सांग. ती काय म्हणाली ते मला कळवू नकोस.

ता. क. ४. कळव.